गुरुवारी दुपारी बंद पडणारी गाडी

मी बोलतोय, एका पांढऱ्या गाडीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट सेन्सर. नाव ऐकून दचकू नका. नाव मोठं असलं तरी मी अंगठ्याएवढा आहे. अंगावर काळं प्लॅस्टिक, पाठीत तीन वायरींचं सॉकेट आणि एका बाजूला बोल्ट बसवायचं भोक. गाडी चालवणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी मला कधी पाहिलेलं नसतं आणि उरलेल्या एकाने पाहिलं असेल ते वैतागूनच.

माझं काम साधं आहे. इंजिनाच्या वरच्या भागात एक दांडा फिरत असतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याच्यावर खाचा पाडलेलं एक चाक असतं. त्या चाकासमोर नखाच्या जाडीएवढं अंतर ठेवून मी बसतो. खाच समोरून गेली की मी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून त्याला समजतं की आता कुठल्या सिलिंडरची पाळी आहे. काही गाड्या माझ्यावाचूनही रडतखडत चालतात. आमची तशी नव्हती. मी गप्प झालो की ती जागच्या जागी बंद.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं लांबच लांब बाकावर बसलेली असायची. माझ्या पोटात केसाएवढ्या तारा वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडल्या, वरून प्लॅस्टिक ओतलं आणि मला तपासणीला पाठवलं. तपासणी गार खोलीत झाली. मी पहिल्या फटक्यात पास झालो. माझ्या पोटातला एक डाग जरासा कच्चा राहिला होता, पण गार खोलीत तो कुणाला दिसणार? मलाही ठाऊक नव्हतं. मी छाती फुगवून खोक्यात जाऊन बसलो.

पहिली सहा वर्षं आमची गाडी औषधं विकत फिरणाऱ्या एका माणसाकडे होती. तो उन्हातान्हात गावोगाव हिंडायचा, पण मी तरुण होतो. एकही खाच चुकवली नाही. मग त्याने गाडी विकली आणि आम्ही एका नवरा-बायकोच्या घरी आलो.

ती शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा ब्लाउज उसव, कुणाच्या कोटाला नवं अस्तर लाव, अशी कामं. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. तिचा नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. शब्द मोजून बोलणारा, रेघ सरळ आल्याशिवाय न जेवणारा माणूस. दारू नाही, आरडाओरडा नाही. मी त्यांना नकाशेवाले म्हणायचो.

बाईने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली. कारण होते तिचे वडील, अण्णा. अण्णा गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात राहत. शेवटच्या बसथांब्यापासूनही तिथवर अर्धा तास चालावं लागायचं. अण्णांनी उभा जन्म बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केली होती. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. कधी कधी ते बाईला तिच्या आईच्या नावाने हाक मारत. पण गुरुवार मात्र त्यांच्या पक्का लक्षात असे. बाईचं शिवणकाम गुरुवारी दुपारी बंद असायचं आणि दीड वाजता ती गाडी काढायची.

पहिल्या दिवशी ती स्टिअरिंगला अशी चिकटून बसली होती, जणू सोडलं तर ते पळून जाईल. चार-सहा आठवड्यांत तिचा हात बसला. गाणं गुणगुणत चालवायला लागली. मागच्या सीटवर अण्णांसाठी एक पिशवी असायची. अण्णा वाळत चालले होते, म्हणून दर महिन्याला ती त्यांच्या एखाद्या पँटची कंबर बोटभर आत घेऊन न्यायची.

आणि मग, एका कडक उन्हाच्या गुरुवारी, मी तिचा घात केला.

रस्ता असा होता. आधी मंडईतून मुंगीच्या पावलांनी जायचं. पुढे रेल्वेचं फाटक. त्या वेळेला मालगाडी यायची, फाटक हमखास बंद. इंजिन चालू ठेवून दहा-बारा मिनिटं उभं राहायचं. फाटक उघडलं की लगेच चढ. त्या दिवशी फाटकापाशी इंजिन असं तापलं की माझ्या पोटातला तो कच्चा डाग उकलला. केसाएवढी फट पडली असेल, त्याहून जास्त नाही. चाक समोर फिरत होतं, खाचा जात होत्या, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली.

मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. बाई किल्ली फिरवत होती, इंजिन नुसतं कण्हत होतं. एकाने येऊन काचेवर थाप मारली आणि येत नसेल तर चालवता कशाला, असं विचारून गेला. वीस मिनिटांनी मी निवलो. फट मिटली. बाईने किल्ली फिरवली आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

तेव्हाच कायमचा मेलो असतो तर किती बरं झालं असतं. मेलेला सेन्सर कुणीही शोधतो. माझ्यासारखा, तापला की मुका आणि निवला की बोलका, हा सगळ्यांनाच खोटं पाडतो.

संध्याकाळी तिने नकाशेवाल्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कुठला गिअर होता, क्लच पूर्ण दाबला होता का, असे प्रश्न विचारले आणि गाडी घेऊन एक फेरी मारून आले. गार हवा, मोकळा रस्ता. मी एकेक खाच चोख मोजली. परत आल्यावर ते म्हणाले की गाडीला काही झालेलं नाही, चढावर क्लच अर्धवट सुटत असेल, सवयीने जमेल. बोलले ते हसून, प्रेमाने. तिला उलट बोलायला जागाच राहिली नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती उशिरा पोचली तेव्हा अण्णा वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत आले होते. एक सेवक त्यांचा दंड धरून उभा होता. तिचा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं आणि बॉनेट उघडायला लावलं. ते माझ्यावर वाकले. त्यांचे हात थरथरत होते, पण नजर इंजिनावरून अशी फिरली जशी आपल्या घरातल्या फळीवरून फिरावी.

"तापल्यावरच बंद पडते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"निवली की आपोआप चालू होते?"

"हो अण्णा. वीस मिनिटं थांबलं की होते."

"मग यात तुझा हात नाही, पोरी. काहीतरी तापून तुटतंय आणि निवलं की जुळतंय. कॉइल बघायला सांग त्यांना."

इंजिनात ठिणगी पाडणारी ती कॉइल नव्हती, मी होतो. अण्णांच्या काळात माझी जात जन्माला यायची होती. पण आजार त्यांनी बरोबर ओळखला होता, फक्त आजाऱ्याचं नाव चुकलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आणखी चार बोटं डावीकडे बघा, मी इथे आहे.

बाईने घरी आल्या आल्या, गाडी लावतानाच, नवऱ्याला हे सांगितलं. नकाशेवाल्यांनी पिशवी उचलता उचलता म्हटलं, त्यांच्या वेळची ती कॉइल या गाड्यांत नसते. आणि मग एक प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात: "आज त्यांनी तुला तुझ्या नावाने हाक मारली का?"

बाईने गाडीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी तिला पोरी म्हटलं होतं, नाव घेतलंच नव्हतं.

तरीही नकाशेवाले गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले, हे मान्य केलं पाहिजे. तिथली फरशी आरशासारखी होती. गणवेशातल्या माणसाने गाडीला स्कॅनर जोडला. कॉम्प्युटरच्या आठवणीत माझ्या नावाची नोंद होती. तो बिचारा आपलं काम नेमाने करत होता. त्या माणसाने नोंद वाचली, मला तपासलं. सकाळची वेळ, गाडी रात्रभर उभी असलेली. मी पुन्हा एकदा गार खोलीत पास झालो. त्याने नोंद पुसून टाकली, बॅटरीची टोकं घासली आणि सेन्सर ठणठणीत असल्याचं सांगितलं. वर, नवशिक्यांचं क्लचवर असं होतंच, म्हणून नकाशेवाल्यांकडे बघून जरासा हसला. नकाशेवाल्यांना हवा होता तो शिक्का मिळाला.

शेवटचं झालं ते असं. चढावर गाडी बंद पडली, बाई घाबरली, ब्रेकवरचा पाय निसटला आणि गाडी घसरत मागच्या टेम्पोवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही. बंपर दबला, एवढंच. पण तिने घरी येऊन किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाली, "मला नाही जमत. मान्य करते."

हे वाक्य मला अजून टोचतं. ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

त्यानंतर नकाशेवाल्यांनी शब्द दिला की दर रविवारी आपण दोघं जात जाऊ. रविवार दोन आठवड्यांवर गेला, मग महिन्यावर. त्यांची कामं होती, मी दोष देत नाही. थंडीचे दिवस, सकाळी आठची वेळ, मंडई बंद, फाटक उघडं. गाडी सुसाट जायची. चढ ओलांडला की ते म्हणायचे, "बघ." बस, एवढंच. बाई खिडकीबाहेर बघत राहायची. एका रविवारी परत निघताना तो दंड धरणारा सेवक गाडीपाशी आला आणि म्हणाला, की अण्णा गुरुवारी दुपारी खुर्ची खिडकीशी ओढून बसतात. तुम्ही आता रविवारी येता म्हणून आम्ही सांगतो, तरी बसतात. बाईने मान हलवली. तो जाईपर्यंत तिने काच वर घेतली नाही.

अण्णा एका बुधवारी सकाळी गेले. दोन दिवसांचा ताप झाला होता. बाईने त्यांना शेवटचं पाहिलं त्याला चोवीस दिवस होऊन गेले होते. मोजणं हे माझं कामच आहे, म्हणून सांगतो: तिने किल्ली खुंटीला लावल्यापासून एकोणीस गुरुवार गेले होते.

पुढे तीन महिने गाडी दारात उभी राहिली. मागच्या सीटवर कंबर आत घेतलेली एक पँट पिशवीत तशीच होती. मग नकाशेवाल्यांच्या ऑफिसातल्या एकाने गाडी विकत घेतो म्हटलं. नकाशेवाले प्रामाणिक माणूस. परक्याला नंतर मनस्ताप नको म्हणून त्यांनी गाडी आणखी एकदा तपासून घ्यायची ठरवली. परक्यासाठी, बरं का.

कुणीतरी त्यांना एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, आत एक बाक, बाकावर गाड्यांच्या दिव्यांचा ढीग. त्या माणसाच्या गळ्यात चष्मा आणि हातात मीटर, म्हणून सगळे त्याला मीटरमामा म्हणत. मामांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारायला लागले: किती वेळाने बंद पडते, कुठल्या वेळेला, कुठल्या रस्त्यावर, एसी चालू असतो की बंद? नकाशेवाल्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

"गाडी चालवत कोण होतं?" मामांनी विचारलं.

"मिसेस."

"मग त्यांना विचारा की. त्यांच्या हातून बंद पडलीय, त्यांनाच ठाऊक असणार."

नकाशेवाल्यांनी बाईला फोन लावला. तिने सगळं सांगितलं: दीड वाजता निघायचं, मंडईतला रस्ता, फाटकापाशी दहा-बारा मिनिटं, चढावर विजेच्या तिसऱ्या खांबापाशी बंद, घरातून निघाल्यापासून बत्तीस-तेहेतीस मिनिटांनी. नकाशेवाले एका कागदाच्या पाठीवर लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांचा हात मंदावला. इतक्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मामा त्यांच्या शेजारी बसले. ऊन मी म्हणत होतं. मंडई, मग फाटक, मग मालगाडी. फाटक उघडलं, गाडी चढाला लागली आणि माझ्या पोटात तो डाग उकलला.

मागे हॉर्न सुरू झाले. नकाशेवाल्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायचं सुचलं नाही. एक दुचाकीवाला जाता जाता काहीतरी बोलून गेला. विजेचा तिसरा खांब त्यांच्या खिडकीच्या अगदी समोर होता.

मामा मीटर घेऊन खाली उतरले. माझ्या तीन वायरी तपासल्या. एकीतून वीज येत होती, दुसरीचं अर्थिंग नीट होतं, आणि जिच्यातून मी बोलतो ती तिसरी सपाट, मेल्यासारखी. त्यांनी नकाशेवाल्यांना किल्ली फिरवायला सांगितलं. काटा हलला नाही. मग त्यांनी पाण्याच्या बाटलीने फडकं ओलं करून माझ्यावर ठेवलं. तो गारवा पोटात उतरला, डाग जुळला आणि पुढची किल्ली फिरताच मी बोललो. गाडी सुरू झाली.

"हा बघा तुमचा क्लच," मामा म्हणाले.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी मला बाहेर काढलं, बाकावर ठेवलं, केस वाळवायच्या यंत्राने तापवलं, निववलं, पुन्हा तापवलं. दोन्ही वेळा मी तापल्यावर मुका झालो. शंका उरली नाही. माझ्या जागी नवा सेन्सर बसला. नकाशेवाल्यांनी मला मागून घेतलं आणि बाईचं सांगणं लिहिलेल्या त्याच कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

घरी बाई मशीनवर होती. त्यांनी कागद उलगडून मला तिच्या कात्रीशेजारी ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. तिने हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

"चढावरच बंद पडली?"

"हो."

"लोकांनी हॉर्न वाजवले?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? किल्ली फिरवत राहिलो."

"मीही तेच करत होते," बाई म्हणाली.

मग ती म्हणाली की अण्णांनी सांगितलं होतं. नकाशेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "ते कॉइल म्हणाले होते." बोलल्या क्षणी त्यांना ते परत गिळावंसं वाटलं असणार, कारण ते उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. बाईने दुसरं कापड ओढून घेतलं.

गाडी विकली नाही. बाई पुन्हा चालवते. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवते, दोरे-बटणं आणायला जाते. फाटकाच्या रस्त्याला मात्र जात नाही. तिकडे जाण्यासारखं आता कुणी नाही.

मी नकाशेवाल्यांच्या टेबलावर, पेन्सिलींच्या ट्रेमध्ये आलो. आणि इथे माझी खरी शिक्षा सुरू झाली. कुणी घरी आलं की ते मला तळहातावर घेऊन दाखवायचे. हा एवढासा तुकडा, यानेच आमच्या घरात सगळा गोंधळ घातला, म्हणायचे. क्लच, वर्कशॉप, ओलं फडकं, सगळी गोष्ट रंगवून सांगायचे. पाहुणे हसायचे. बाई त्या वेळी आत निघून जायची.

माझा दोष मी नाकारत नाही. गाडी मी बंद पाडली, एकदा नाही, कितीतरी वेळा. तिला भर रस्त्यात उघडं पाडलं. पण 'बघ' हा शब्द माझा नव्हता. अण्णांच्या विसरण्याबद्दलचा तो प्रश्नही माझा नव्हता. मी फक्त खाचा मोजणारा. आणि महिन्याला एकच रविवार हा हिशेब काही मी कॉम्प्युटरला कळवलेला नव्हता.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी आली होती, दुसऱ्या गावात नोकरी करणारी. तिलाही त्यांनी मला दाखवायला घेतलं. हा बघ चोर, म्हणाले. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. या वेळी ती आत गेली नाही. तांब्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "तो बिचारा तापल्यावर चुकायचा. तुम्ही तर थंड डोक्याने बोलत होतात."

मुलीने आईकडे बघितलं, मग वडिलांकडे. नकाशेवाल्यांनी मूठ मिटली. मी त्या मुठीत होतो. त्यांचा तळवा गरम झाला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मला ट्रेमध्ये ठेवलं, आणि त्या दिवसापासून माझी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नाही.

माझ्याने आता काही भरून निघणार नाही. एकोणीस गुरुवार मला परत आणता येणार नाहीत, आणि अण्णांना जाऊन सांगताही येणार नाही की आजार तुम्ही बरोबर ओळखला होता. एकच मागणं आहे. या घरातल्या कुणीतरी मला इथून उचलावं आणि भंगारात टाकून द्यावं. मी समोर आहे तोवर नकाशेवाल्यांना बोट दाखवायला जागा आहे.